गोळी, वार आणि उंदराच्या मिशा

साठी उलटलेल्या माणसाला रात्री साडेअकराला फोन आला, की तो उचलण्याआधी मनात दोन-तीन नावे येऊन जातात. त्या रात्री फोन माझ्या भाचीचा होता आणि बातमी चांगली होती. तिला दिवस गेले होते; तिसरा महिना लागला होता. अभिनंदन झाले, तब्येतीची चौकशी झाली. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मामा, गोळी बंद करू का?”

कोणती गोळी, ते मला ठाऊक होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी, सगळे सावरले असे आम्हाला वाटत असताना, ही मुलगी खचली. झोप नाही, अन्नावर वासना नाही, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहायची. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले आणि एक गोळी सुरू केली. तीन-चार महिन्यांत ती पुन्हा माणसांत आली. आता प्रश्न होता पोटातल्या जिवाचा. जिथे ती नाव घालायला गेली, त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता ‘हे सगळं बंद करा’ असे सांगितले होते. सासूबाईंचेही तेच मत. “बाळाच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणे,” असे त्या म्हणाल्या होत्या.

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण बँकेने एक खोड लावली. पुढ्यात आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याची मागचीपुढची सगळी पाने वाचायची. मी भाचीला म्हणालो, “तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. तोवर मी वाचतो.” तिने माझ्या बोलण्याचा दुसरा भाग ऐकला, पहिला ऐकला नाही, हे मला नंतर कळले.

ही गोळी ज्या द्रव्यावर काम करते त्याचे नाव सेरोटोनिन. आजकाल हे नाव वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या उपदेशांतून इतके फिरते, की घराघरात ‘आनंदाचे रसायन’ म्हणून त्याची ओळख झाली आहे. ही ओळख अपुरी आहे. सेरोटोनिन प्रथम सापडले ते मेंदूत नव्हेच. इटलीत १९३० च्या दशकात व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत एक द्रव्य आढळले. ते स्नायू आकुंचित करत असे. त्यांनी त्याला ‘एंटेरामाइन’ म्हटले. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज हे तिघे रक्तदाबाचा माग काढत होते. त्यांनी १९४८ साली बैलांच्या रक्तातून रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ वेगळा काढला. रक्तातल्या सीरममधला आणि वाहिन्यांना ताण देणारा म्हणून त्याचे नाव पडले सेरोटोनिन. पुढे १९५२ साली उलगडा झाला, की इटलीतले द्रव्य आणि क्लीव्हलँडमधले द्रव्य एकच आहे. मेंदूत ते असल्याचे दाखवले १९५३ साली, बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने. त्याआधी ती समुद्रातल्या शिंपल्यांच्या स्नायूंवर काम करत होती. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आजही आतड्यातच असते. मेंदूच्या वाट्याला येते ते चिमूटभर.

या कथेत मुंबईचाही एक अध्याय आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण सविस्तर मांडला आणि ही आपली जुनी वनस्पती जगभर पोहोचली. तिच्यातून रेसरपीन हे औषध निघाले. अमेरिकेत १९५५ साली असे दिसले, की हे औषध शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे करते. आणि ते घेणारे काही रुग्ण उदास होत होते. या दोन गोष्टींची सांगड घालता घालता पुढच्या तीस वर्षांत सेरोटोनिन मनाशी जोडले गेले. अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिन या गोळीला परवानगी मिळाली आणि तिच्या जातकुळीतल्या गोळ्या जगभर गेल्या. माझ्या भाचीची गोळी त्याच घराण्यातली.

ही गोळी करते काय? एक चेतापेशी दुसरीला निरोप द्यायचा म्हणून सेरोटोनिन बाहेर सोडते आणि निरोप पोहोचला, की उरलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेते. आत ओढण्यासाठी पेशीच्या भिंतीवर एक वाहक असतो. गोळी त्या वाहकाला अडवते. मग सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ रेंगाळते. एवढेच. वाचकांनी हा वाहक मात्र लक्षात ठेवावा, तो पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

आता खरा प्रश्न. आनंद आणि दुःख या गोष्टी ज्याला अजून ठाऊकच नाहीत, अशा गर्भाला सेरोटोनिन कशाला हवे?

मॉस्कोतले बुझनिकोव्ह हे शास्त्रज्ञ समुद्री अर्चिनच्या अंड्यांचा अभ्यास करत. अर्चिन म्हणजे काटेरी चेंडूसारखा दिसणारा समुद्रजीव. त्याच्या फलित अंड्याचे दोन, चार, आठ असे तुकडे पडत असतात, तेव्हा त्यात चेतापेशी कुठली असायला? तरीही तिथे सेरोटोनिन होते आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी औषधे घातली, की अंड्याचे विभाजन बिघडत होते. म्हणजे हे द्रव्य मेंदूचा निरोप्या झाले ते फार नंतर. त्याआधीपासून ते वाढीच्या कामावर होते. नोकरी जुनी, हुद्दा नवा, असा हा प्रकार.

जीन लॉडर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात गाभण उंदरांना सेरोटोनिनची निर्मिती रोखणारे औषध दिले. पिल्लांच्या मेंदूत असे दिसले, की एरवी ज्या पेशींपर्यंत सेरोटोनिनचे तंतू लवकर पोहोचतात, त्या पेशी वेळेवर थांबत नाहीत. पेशीने विभागणे थांबवायचे आणि ‘आता मी चेतापेशी झाले’ असे म्हणून जागेवर बसायचे, ही मेंदूच्या बांधणीतली पहिली शिस्त. सेरोटोनिन कमी पडले, की तो क्षण लांबतो. लॉडर यांनी १९७८ साली हे नीट मांडले, तेव्हा मेंदूतले एक निरोप्या द्रव्य मेंदूच्या घडणीतही हात घालते ही कल्पना पुष्कळांना विचित्र वाटण्याजोगीच होती.

माणसाच्या गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास सेरोटोनिन तयार करणाऱ्या पहिल्या चेतापेशी दिसू लागतात. गर्भ तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि पुष्कळ आयांना आपल्याला दिवस गेले आहेत याची नुकती कुठे शंका येत असते. या पेशी मेंदूच्या देठात, अगदी मध्यरेषेवर जमतात. त्या जागेला शास्त्रीय नाव आहे ‘राफे’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मोठ्या माणसाच्या मेंदूत एकूण ८६०० कोटींच्या आसपास चेतापेशी, त्यांपैकी या शिवणीवरच्या जेमतेम काही लाख. पण त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात जातात. तालुक्याच्या गावी एकच पोस्ट ऑफिस असावे आणि त्याचा पोस्टमन वाडीवस्तीवर सगळीकडे फिरावा, तसे.

इथे एक कोडे होते. शिवणीवरच्या या पेशींचे तंतू मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचायला बराच काळ लागतो. ते पोहोचण्याआधीच त्या भागाची पायाभरणी चालू असते आणि तिथे सेरोटोनिन सापडते. ते येते कुठून?

याचे उत्तर २०११ साली मिळाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले अलेक्झांडर बोनँ, पॅट लेव्हिट आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराची वार शरीराबाहेर जिवंत ठेवली आणि तिच्यात आईच्या बाजूने ट्रिप्टोफॅन सोडले. ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांतला एक घटक. तो आपल्या डाळी-कडधान्यांत असतो, दुधात असतो, शेंगदाण्यात आणि तिळातही असतो. शरीराला तो स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावा लागतो. वारेच्या दुसऱ्या, म्हणजे गर्भाच्या बाजूने बाहेर आले ते सेरोटोनिन! वार हा नुसता गाळणीचा कपडा नव्हता, तो कारखाना होता. उंदराच्या गर्भकाळाच्या पूर्वार्धात आणि मध्यापर्यंत गर्भाच्या पुढच्या मेंदूला पुरवठा होतो तो या कारखान्यातून. पुढे त्याच्या स्वतःच्या शिवणीवरच्या पेशी काम हाती घेतात. माणसाच्या वारेतही हीच प्रक्रिया चालते, हे त्यांनी दाखवले. त्याआधी २००७ साली पॅरिसमध्ये एक गोष्ट दिसली होती. शरीरातले सेरोटोनिन तयार करणारे जनुक ज्या उंदरीण-आईत नव्हते, तिची पिल्ले गर्भातच खुरटत होती आणि त्यांचा मेंदूही नीट वाढत नव्हता. पिल्लांत स्वतःत ते जनुक असो वा नसो, फरक पडत नव्हता. आईचे काय आहे, यावर सगळे अवलंबून होते.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. आमच्या गावच्या घरी बाळंतपण झाले, की सुईण वार एका मडक्यात घालायची, त्यावर हळदकुंकू वाहायची आणि परसात खड्डा खणून ती पुरली जायची. कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वर दगड. ‘तिनं नऊ महिने पोसलं, तिला उकिरड्यावर टाकायची का?’ असे आजी म्हणायची. आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते, असा दावा करणाऱ्यांपैकी मी नव्हे. आजीला ट्रिप्टोफॅन ठाऊक नव्हते. पण वार ही टाकाऊ वस्तू नाही, एवढे तिच्या वागण्यात होते. हल्ली इस्पितळात ती पिवळ्या पिशवीत जाते.

(जाता जाता एक. केळ्यात सेरोटोनिन असते, हे खरे. म्हणून गरोदर बाईने केळी खाल्ली, की बाळ आनंदी होते, असे काही नाही. पोटात गेलेले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. केळे केळे म्हणून खावे.)

इथपर्यंत वाचून माझी समजूत अशी झाली, की गर्भाला सेरोटोनिन हवे, तर गोळीमुळे ते थोडे जास्त रेंगाळले, म्हणून बिघडले कुठे? उलट बरेच! ही समजूत उंदराच्या मिशांनी खोडून काढली.

उंदीर जग पाहतो ते डोळ्यांपेक्षा मिशांनी. अंधाऱ्या बिळात त्याची प्रत्येक मिशी म्हणजे एक बोट. १९७० साली वूल्सी आणि व्हान डर लोस यांनी उंदराच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना पेशींच्या गोलसर टोपल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. थुंकीवर जितक्या मोठ्या मिशा, तितक्या टोपल्या, त्याच ओळीत, त्याच क्रमाने. प्रत्येक मिशीला मेंदूत स्वतःचे घर. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात हा नकाशा उमटतो.

आता १९९० च्या दशकातली फ्रान्समधली गोष्ट. ऑलिव्हिए काझ, इझाबेल सेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरात इंटरफेरॉन या द्रव्याचे जनुक घालायचे होते. सेरोटोनिनशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण असे जनुक घालताना ते नेमके कुठे जाऊन बसेल यावर ताबा नसतो. एका वाणात ते जाऊन बसले सेरोटोनिन मोडून टाकणाऱ्या एका विकराच्या जनुकात, आणि ते जनुक निकामी झाले. त्या वाणाची पिल्ले थरथरत, उलटी पडली, की सरळ होताना धडपडत. मोठे झालेले नर एकमेकांना चावे घेऊन रक्तबंबाळ करत. तपासले तर पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नेहमीच्या नऊपटीपर्यंत वाढलेले. हे १९९५ साली प्रसिद्ध झाले. (दोनच वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या एका कुटुंबातल्या काही पुरुषांत याच जनुकाचा दोष सापडला होता. त्यांची बुद्धी थोडी मंद होती आणि स्वभाव भडकू.) पुढच्या वर्षी त्या उंदरांच्या मेंदूचे काप पाहिले, तर मिशांच्या टोपल्या गायब! मिशा जागेवर होत्या. मेंदूही जागेवर होता. नकाशा मात्र पाण्यात भिजलेल्या शाईसारखा पुसट.

मला थांबवले ते पुढच्या प्रयोगाने. याच पिल्लांना जन्मल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत सेरोटोनिन कमी करणारे औषध दिले, तर टोपल्या व्यवस्थित उमटल्या. जनुक निकामी ते निकामीच, पण नकाशा उमटला. तेच औषध त्यानंतर दिले, तर काही उपयोग नाही.

मी नोकरीत नवा असताना मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत पीककर्ज पाहत असे. एका वर्षी वरून मंजुरी यायला उशीर झाला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पेरण्या उरकल्या आणि श्रावणात रक्कम आली. एक म्हातारे शेतकरी पैसे घ्यायला आले. नोटा मोजून झाल्यावर त्यांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, “साहेब, आता हे पेरू कुठं?” रक्कम पुरेपूर होती, एक पैसा कमी नव्हता. उंदराच्या मिशांचे वाचताना चाळीस वर्षांनी मला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. गर्भाच्या मेंदूतही सेरोटोनिन किती, याइतकेच ते कोणत्या दिवशी, हे महत्त्वाचे असते.

आणि तो वाहक? मिशांकडून येणारी वर्दी मेंदूच्या पृष्ठभागाकडे नेणारे तंतू सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत. पण नकाशा उमटण्याच्या त्या मोजक्या दिवसांत हे तंतू सेरोटोनिन आत ओढणारा वाहक स्वतःच्या अंगावर बसवून घेतात. शेजाऱ्याकडून विरजण मागून आणावे तसे सेरोटोनिन उसने घेतात. काम संपले, की वाहक काढून टाकतात. पुन्हा आयुष्यभर त्याची आठवण नाही. हे १९९६ साली कळले. माझ्या भाचीची गोळी अडवते तो हाच वाहक.

त्यानंतरचा प्रयोग वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन बसलो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अन्सॉर्ग, जिंगरिच आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांना वयाच्या चौथ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुओक्सेटिन दिले, मग थांबवले. पिल्ले मोठी झाली. औषध शरीरातून केव्हाच गेलेले. तरी ही उंदरे नव्या जागेत बुजत, अन्न समोर असून खायला धजत नसत, संकटातून सुटण्याचा प्रयत्न लवकर सोडत. म्हणजे मोठ्यांची काळजी कमी करणारी गोळी कोवळ्या वयात दिली, तर पुढे काळजीखोर स्वभाव मागे ठेवते. २००४ सालचे हे संशोधन. उंदराचे ते दिवस म्हणजे मेंदूच्या घडणीच्या हिशेबाने माणसाच्या गरोदरपणाचा शेवटचा काळ आणि जन्मानंतरची पहिली काही वर्षे, असे ढोबळमानाने धरतात.

त्या संध्याकाळी कुणी विचारले असते, तर मीही ‘बंद कर’ म्हणालो असतो.

पण फाइल अजून संपली नव्हती. कुलाब्याला नेव्हीनगरात समुद्राच्या काठावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. विदिता वैद्य गेली अनेक वर्षे नेमक्या याच विषयावर, म्हणजे कोवळ्या वयातले अनुभव आणि सेरोटोनिन यांवर काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगात उंदरांच्या पिल्लांना दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवले. औषध नाही, इंजेक्शन नाही, उपासमार नाही. फक्त आई नाही. ही पिल्ले मोठी होऊन काळजीखोर निघाली. मग दुसऱ्या गटाला तसेच दूर ठेवताना त्याच दिवसांत सेरोटोनिनचे एक विशिष्ट कुलूप, ज्याला शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात, ते बंद ठेवणारे औषध दिले. या पिल्लांत पुढे ती काळजी दिसली नाही. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आईचा दुरावादेखील पिल्लाच्या मेंदूत शिरतो, तो याच द्रव्याच्या वाटेने.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळे, तो दवाखाना, सासूबाई आणि मीसुद्धा, असे धरून चाललो होतो, की एका पारड्यात गोळी आहे आणि दुसरे पारडे रिकामे आहे. ते रिकामे नव्हतेच. दुसऱ्या पारड्यात न झोपलेली, न जेवणारी, भिंतीकडे पाहत बसलेली आई होती. अन्नातून ट्रिप्टोफॅन घ्यायचे ते तिने, वारेचा कारखाना चालवायचा तो तिच्या रक्तावर आणि जन्मल्यावर बाळाला जवळ घ्यायचे तेही तिनेच. आईच्या शरीरात दाह असला, तरी वारेतले सेरोटोनिनचे उत्पादन बिघडते, असे उंदरांत २०१६ साली दिसले आहे. प्रयोगशाळेतली गोळी दिलेली पिल्ले निरोगी होती, त्यांच्या आयाही निरोगी होत्या. माझी भाची निरोगी असती, तर गोळी घेतच नव्हती.

माणसांचे काय? उंदरावर करतात तसा प्रयोग बायकांवर करता येत नाही, करूही नये. पण नोंदी तपासता येतात. २०१७ साली दोन मोठे अभ्यास आले. एक स्वीडनमधला, पंधरा लाखांहून अधिक जन्मांचा, दुसरा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला. वरवर पाहता गरोदरपणात अशा गोळ्या घेतलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता थोडी जास्त दिसत होती. मग त्यांनी एक साधी, शहाणपणाची गोष्ट केली. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी होती, दुसऱ्याच्या वेळी नव्हती. त्या तुलनेत फरक जवळजवळ नाहीसा झाला. दोष गोळीच्या खात्यावर पडत होता, पण नोंद बहुधा दुसऱ्याच खात्याची होती: आईचा आजार, घराण्याची प्रकृती. स्वीडनच्या अभ्यासात थोडे अकाली प्रसूतीचे प्रमाण मात्र शिल्लक राहिले. शिवाय शेवटच्या महिन्यांत गोळी घेतलेल्या आयांची सुमारे एक तृतीयांश बाळे जन्मल्यावर काही दिवस थरथरतात, किरकिर करतात, दूध ओढायला त्रास देतात. बहुतेकांचे आपोआप निवळते. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि घाबरण्यासारखीही नाही. डॉक्टरांना आधी ठाऊक असली म्हणजे झाले.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो सेरोटोनिनचा फाजील दबदबा कमी करतो. बर्लिनमध्ये मेंदूत सेरोटोनिन जवळजवळ तयारच होत नाही असे उंदीर निपजवले. २००९ साली त्यांचे वर्णन आले. सगळ्यांना वाटले असेल, की मेंदूची इमारत कोसळेल. ती कोसळली नाही. पिल्ले अशक्त होती, वाढ खुंटलेली होती, पण पुष्कळशी जगली आणि त्यांचा मेंदू वरकरणी नेहमीसारखाच दिसला. सेरोटोनिन हा गवंडी नव्हे, मुकादम म्हणायचा. मुकादम आला नाही, तरी भिंती उभ्या राहतात. दार कुठे अडकते, ते राहायला गेल्यावर कळते. त्या उंदरांचे कळले ते असे: माद्यांना पिल्ले झाली, दूधही आले, पण त्या पिल्लांना जवळ घेईनात. बरीच पिल्ले त्याने दगावली.

मी हे सगळे वाचून फोन केला तोवर अठरा दिवस झाले होते. फोन जावईबापूंनी उचलला. तिने गोळी त्या पहिल्या रात्रीच बंद केली होती, एकदम, कुणाला न विचारता. आधी चक्कर, मग झोप गेली, मग जेवण. आता ती खोलीबाहेर येत नव्हती. तीन महिन्यांत वजन वाढायचे, ते दोन किलोने उतरले होते. मी रात्रीच्या गाडीने निघालो.

सासूबाईंना मी उंदरांच्या गोष्टी सांगितल्या. खरे तर काय सांगावे, हे मला कळत नव्हते, म्हणून सुचेल ते सांगत गेलो. मिशांच्या टोपल्यांचे त्यांना कौतुक वाटले. आईपासून दूर ठेवलेल्या पिल्लांचे ऐकून मात्र त्या हातातली भाजी निवडायची थांबल्या. “म्हणजे हिला आई नाही, त्याचं हे आहे का?” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “इतकं सरळ नसतं, वहिनी. पण तसंच काहीसं.” दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. त्या डॉक्टरांनी आमच्यासमोर प्रसूतितज्ज्ञांना फोन लावला. नव्या, त्या पहिल्या दवाखान्यातल्या नव्हेत. दोघांनी मिळून ठरवले: काम होईल एवढीच मात्रा, मनमानी बंद-चालू नाही, दर महिन्याला दोघांकडे तपासणी, आणि बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना आधी कल्पना. असा निर्णय प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणाची गोळी हळूहळू कमी करून थांबवताही येते, कुणाची बदलावी लागते. या लेखावरून कुणी काही सुरू किंवा बंद करू नये.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले. फुलांची वाडी भरली, धनुष्यबाण झाला, बायकांनी पेढा की बर्फी विचारले. तिने हात लावला तो बर्फीला.

मुलगी झाली, दिवस भरून. पहिले दोन दिवस तिचे हात मधूनच थरथरत, रडायला लागली, की थांबेना. नर्सने तिला आईच्या उघड्या छातीवर पालथी ठेवायला सांगितले आणि वरून गोधडी घातली. तिसऱ्या दिवशी थरथर कमी झाली, पाचव्या दिवशी घरी आणले.

बाराव्या दिवशी बारशाला मी गेलो, तेव्हा घर पाहुण्यांनी भरले होते. पाळणा टांगायची गडबड चालू होती. सासूबाई स्वयंपाकघरातून हातात पाण्याचा पेला घेऊन आल्या, गर्दीतून वाट काढत भाचीपाशी गेल्या आणि तिला हळूच म्हणाल्या, “आधी गोळी घे, मग ओवाळायला बस.”